सुरुवातीचे वजन किती होते?

गरोदर बाईच्या वजनाविषयी आपल्या घरांतून दोन सल्ले पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आले आहेत. दोन जिवांची आहेस, पोटभर खा, हा पहिला. आणि शेवटच्या महिन्यांत जरा हात राखून खा, बाळ फार मोठे झाले तर सुखरूप मोकळी होणार नाहीस, हा दुसरा. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे दोन्ही सल्ले मी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि उर्दूत ऐकले आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच सासूने एकाच सुनेला काही महिन्यांच्या अंतराने दिलेले असतात. त्या सासूला मी नावे ठेवत नाही. पहिल्या सल्ल्यामागे माया असते आणि दुसऱ्यामागे तिने डोळ्यांनी पाहिलेली एखादी अडलेली बाळंतीण असते. मात्र दिवस जाण्याआधी त्या मुलीचे वजन किती होते, हे दोन्ही सल्ल्यांत कोणी विचारात घेतलेले नसते. गरोदरपणात किती वजन वाढायला हवे याचे उत्तर तिथूनच सुरू होते, आणि नेमका तोच आकडा बहुतेकींना ठाऊक नसतो.

ठाऊक नसला तरी तो बऱ्यापैकी जवळ जाऊन पकडता येतो. पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसे हलत नाही. अर्धा ते दोन किलो वाढले तरी पुरे असते, आणि जिला उलट्यांनी हैराण केलेले असते तिचे थोडे उतरलेले वजन पुढे भरून येते. म्हणून बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवले, तर त्या दिवशी माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले वजन हेच सुरुवातीचे वजन मानून चालता येते. त्याच दिवशी उंचीही मोजून घ्यावी असा माझा आग्रह असतो, कारण उंचीवाचून वजनाला अर्थ येत नाही. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली या बीएमआयच्या आधारे जी कोष्टके दिली, ती आजही जगभर वापरली जातात. बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर संपूर्ण गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वजन वाढणे अपेक्षित आहे, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा. २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा. आणि ३० किंवा त्याहून अधिक असेल तर पाच ते नऊ किलो. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सर्वसाधारणपणे नऊ ते अकरा किलो असा एकच पल्ला सांगतात. शिवाय भारतीयांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचे प्रमाण जास्त आढळत असल्यामुळे आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात. तेव्हा काठावरच्या मुलीसाठी नेमका कोणता पल्ला धरायचा हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. पण एकीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही, एवढे या आकड्यांतून स्वच्छ दिसते.

आमच्या गावात तर हा फरक एकाच बाकावर बसलेला दिसतो. अशोक चौकाच्या पलीकडून आलेली, दीडशे सेंटिमीटर उंचीची, चाळीस किलो वजनाची विडी कामगार मुलगी आणि तिच्या शेजारी जुळे सोलापुरात राहणारी, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारी, एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंचीची, अडुसष्ट किलो वजनाची मुलगी. पहिलीचा बीएमआय जेमतेम १७.८ भरतो, दुसरीचा २८.३. दोघींना पाचवा महिना, दोघींच्या पोटात सारख्याच वयाचे बाळ, आणि घरून दोघींना मिळालेला सल्लाही बहुधा सारखाच. प्रत्यक्षात पहिलीने पुढे दर आठवड्याला साधारण अर्धा किलो मिळवायला हवा आणि दुसरीला त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे पावशेर-तीनशे ग्रॅम पुरेसे आहे.

“बाळ तीन किलोचे आणि माझे बारा किलो वाढायचे, मग उरलेले नऊ किलो कशाचे?” हा प्रश्न शिकलेल्या मुलीही विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. बाळ तीन-सव्वातीन किलोचे. वार सहा-सातशे ग्रॅमची. गर्भजल पाऊण ते एक किलो. वाढलेले गर्भाशय सुमारे एक किलोचे. स्तनांची वाढ अर्धा किलोच्या आसपास. आईच्या अंगातले रक्त या काळात जवळजवळ निम्म्याने वाढते, त्याचे सव्वा ते दीड किलो. शरीरातील इतर पाणी साधारण तेवढेच. उरलेले अडीच-तीन किलो म्हणजे चरबी, आणि तिच्याविषयी मुलींच्या मनात जी धास्ती असते ती मला पहिल्या भेटीतच काढून टाकावीशी वाटते. बाळ जन्मल्यानंतर त्याला पाजण्यासाठी आईच्या शरीराने आधीच बाजूला काढून ठेवलेली ही शिधासामग्री आहे. सडपातळ मुलीच्या अंगावर ती मुळात नसते, म्हणून तिला ती जास्त साठवावी लागते. जिच्या अंगावर ती आधीपासून आहे तिला नव्याने फारशी साठवण्याची गरज पडत नाही. कोष्टकातल्या त्या निरनिराळ्या आकड्यांमागचे कारण मुख्यतः हेच आहे.

विडी वळणाऱ्या बायकांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सोलापुरात गरोदर बाईच्या वजनाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पाने, असा त्यांचा दिवस असतो; मजुरी हजार विड्यांवर मिळते. सातव्या महिन्यानंतर पोट पुढे येते आणि सूप मांडीवर मावेनासे होते, तेव्हा त्या ते एका गुडघ्याकडे सरकवून, अंग तिरपे करून बसतात आणि तरीही बोटांचा वेग कमी होऊ देत नाहीत. मी एकदा कुंभारीच्या वसाहतीत एका घरी गेले असताना अशीच एक मुलगी दारात बसली होती. सकाळी काय खाल्ले असे विचारले, तर चहा आणि दोन टोस्ट. मग भाकरी कधी? “मॅडम, एकदा उठलं की हात थांबतंय, मग हजार होत नाही,” असे ती म्हणाली, आणि यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास पहिले जेवण, रात्री सगळ्यांचे झाल्यावर दुसरे. वजन कमी का वाढते याचे उत्तर शोधायला मला प्रयोगशाळेत जावे लागले नाही. त्यातच काहीजणी मिश्री लावतात, आणि तिने भूक मरते. तंबाखू ओढली, चघळली किंवा दातांना लावली तरी गर्भातल्या बाळाचे वजन घटते, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. त्यामुळे मिश्रीची चौकशी मी वजनाच्या चौकशीबरोबरच करते, आणि आवाज खाली ठेवून करते, कारण सासूसमोर ती कबूल केली जात नाही.

अशा मुलीला दूध, सुकामेवा, फळे असा छापील तक्ता हातात देऊन काही साधत नाही. तिच्या घरात जे आहे त्यातच उत्तर शोधावे लागते, आणि सोलापूरच्या स्वयंपाकघरात ते सापडते, असा माझा अनुभव आहे. मालदांडी ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, शेंगांची चटणी, पालेभाजी. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. कडक भाकरीवर चमचाभर चटणी घेणारी मुलगी चार चमचे घेऊ लागली आणि तिखट थोडे कमी केले, तर तिचे दिवसभराचे गणित बदलते. विड्या वळता वळता उठायचे नाही ही तिची अडचण खरी आहे, म्हणून भाकरीत चटणी आणि तेल घालून केलेला चुरा किंवा मूठभर भाजलेल्या शेंगा डब्यात शेजारी ठेवायच्या, आणि सुपावरचा हात स्वच्छ धुऊन मगच डब्याला लावायचा, एवढे तरी करता येते. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार घरातल्या सगळ्यांच्या ताटांत वाटला जातो हे मला माहीत आहे, आणि भुकेल्या पोरांसमोर एकट्या आईने तो खावा असे म्हणणे जिवावर येते; तरीही मी म्हणते, कारण पोटातले पोर आपला वाटा स्वतः मागू शकत नाही.

मग नेमके किती जास्त खायचे? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था गरोदर बाईसाठी दिवसाला साडेतीनशे उष्मांक अधिक सांगते. ताटाच्या भाषेत सांगायचे तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि लहान कपभर दूध. एवढेच. दोन माणसांचे जेवण यात बसत नाही, आणि हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. मात्र प्रथिनांची गरज त्या मानाने बरीच वाढते, दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साडेनऊ ग्रॅमने आणि तिसऱ्या तिमाहीत बावीस ग्रॅमने. लोह आणि फॉलिक ॲसिडची गरज तर नुसत्या जेवणातून भागतच नाही. म्हणून वाढवायचे ते ताटातल्या भाताचे आणि साखरेचे प्रमाण नव्हे, तर डाळ, उसळ, दही, शेंगा, अंडे चालत असेल तर अंडे, आणि हिरव्या भाज्या.

हिरव्या भाज्यांचा मुद्दा आमच्याच महाराष्ट्रातल्या एका कामाने पक्का केला आहे, म्हणून तो मला विशेष जवळचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा दिवस जाण्याआधीपासून अभ्यास केला. त्या बाया कष्टाळू आणि हडकुळ्या होत्या; त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात वारंवार होते त्यांची बाळे तुलनेने मोठी निघाली. केवळ जास्त उष्मांक खाल्ल्याने तसे झालेले दिसले नाही. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ही लहान बाळे युरोपातल्या बाळांच्या तुलनेत स्नायूंनी बारीक होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पोटात कमी पोसलेले मूल मोठेपणी भरपूर खाऊ लागले की त्याला मधुमेह लवकर गाठतो, या विचाराला या अभ्यासाने बळ दिले. हे समजल्यापासून चाळीस किलोची ती मुलगी आणि अडुसष्ट किलोची तिची शेजारीण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटेनासे झाले. आज गरोदरपणात जिची साखर वाढलेली सापडते, तिची आई किंवा आजी कधी काळी चाळीस किलोची होती, असे गिरण्यांच्या आमच्या सोलापुरातल्या कितीतरी घरांत निघते.

गिरण्यांवरून ल्युसी विल्स आठवतात. ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली भारतात आली, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा तिने शोध घेतला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात असलेला घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे कळले. आज आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि दुसऱ्या तिमाहीपासून ती रोज, किमान एकशे ऐंशी दिवस घ्यायची असते. गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यावी, हे मी प्रत्येकीला सांगते. सोलापुरात चहा सोडायला सांगणे अवघड असते. चहा आणि गोळी यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवायला सांगितले तर ते ऐकले जाते.

आता दुसऱ्या मुलीकडे वळते, जिला वजनाची वाढ कमी ठेवायची आहे. तिच्या बाबतीत माझी खरी काळजी तिच्या खाण्यापेक्षा तिच्या मनाची असते. अडुसष्ट किलोचा आकडा कार्डावर लिहिला जाताना ती मान खाली घालते. पर्स, मोबाइल, चपला, सगळे उतरवून काट्यावर उभी राहते, आणि मागून आईने किंवा सासूने वाकून आकडा वाचू नये म्हणून काट्यासमोर हात धरते. घरी तिला एकजण खाऊ घालतो आणि दुसरा बोलतो. मग ती रात्रीचे जेवण सोडते, नाही तर दिवस दिवस फक्त फळांवर काढते. गरोदरपणात वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये, कितीही जास्त असले तरी, हे मला अशा प्रत्येकीला ठासून सांगावे लागते. तिचे वजन हळू वाढू द्यायचे असते, थांबवायचे नसते. तळलेले, बेकरीचे, गोड पेये यांना आळा घातला आणि भाकरी, डाळ, भाजी, ताक यांवर जेवण आणले की बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे हा दुसरा उपाय. डॉक्टरांची मनाई नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम गरोदरपणात सुरक्षित मानला जातो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा दिवसा बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही. मग सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर सिद्धेश्वर तलावाच्या कडेने, नाहीच जमले तर गच्चीवर. आणि घरचे काम हा व्यायामच आहे असे कोणी म्हटले, तर काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याच्या घागरी उचलणे मी त्यात धरत नाही. ते काम त्या महिन्यांत दुसऱ्या कोणी तरी करावे.

या मुलीची साखर तपासणे टाळू नये. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्या भेटीत एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा, अशी ही तपासणी आपल्याकडे सर्वच गरोदर स्त्रियांसाठी सांगितलेली आहे, सडपातळ मुलींसाठीसुद्धा. वजन प्रमाणाबाहेर वाढले तर साखर, रक्तदाब, फार मोठे बाळ आणि त्यामुळे शस्त्रक्रिया यांची शक्यता वाढते, हे खरे. सासूबाईंच्या दुसऱ्या सल्ल्यातला हाच भाग खरा आहे. मात्र तो चाळीस किलोच्या मुलीला देऊन तिच्या ताटातली भाकरी काढून घेणे म्हणजे अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मणारे बाळ ओढवून घेणे आहे. शेवटच्या महिन्यांत वाढलेले गर्भाशय जठरावर दाबते आणि मुलीला थोड्या घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून ती आपोआपच कमी खाते. त्यात आणखी उपदेशाची भर नको. तिला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

सणावारांविषयी मी कठोर होऊ शकत नाही. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, घरोघर शेंगापोळ्या होतात. शेंगदाणा-गुळाची एक पोळी तुपाबरोबर खाल्ल्याने कोणाचे गरोदरपण बिघडत नाही. डोहाळजेवणाला प्रत्येक मामी-मावशीने एकेक घास भरवायचा असतो, तो ती हौसेने खाऊ दे. मला उपवासांची जास्त चिंता वाटते. श्रावणी सोमवारी दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याची खिचडी पोटभर खाणाऱ्या मुली मी पाहते. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. रोजे धरणाऱ्या मुलींनाही आजारी आणि गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या सवलतीची आठवण करून द्यावी लागते, आणि ती घरातल्या मोठ्या बाईनेच करून दिली तर मनाला पटते.

वजन एकदा पाहून काही कळत नाही; ते महिन्यामागून महिना, एकाच काट्यावर, शक्यतो एकाच वेळी घेऊन ओळीने वाचायचे असते. दोन महिने काटा जागचा हलला नाही तर जशी चौकशी हवी, तशीच तो एकाएकी उडी मारून वर गेला तरी हवी. महिन्यात तीन किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर जुळे, साखर किंवा रक्तदाब यांचा संशय घ्यावा, असे आरोग्य सेविकांना शिकवतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी पाय थोडे सुजतातच. पण चेहरा आणि हात सुजले, अंगठी निघेना, डोके ठणकते, डोळ्यांसमोर काजवे चमकतात, असे झाले तर ते वजन खाण्याने वाढलेले नसते. त्या दिवशी आहारतज्ज्ञाकडे न येता थेट दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घ्यायचा. १४०/९० किंवा त्याच्या पुढे तो गेलेला असेल तर उद्यावर ढकलू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. निदान त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल असे घरच्यांनी तिला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती येते.

बाळंत झाल्यावर मात्र आईच्या वजनाकडे कोणी फिरकत नाही. दीड महिन्याने ती लसीसाठी येते तेव्हा बाळाला काट्यावर ठेवतात, आकडा लिहितात, सगळे खूश होतात. आईला त्या काट्यावर उभी राहा असे सहसा कोणी म्हणत नाही. मी तिला उभी करते. अडुसष्ट किलोवरून सुरुवात केलेली मुलगी वाढलेल्या वजनापैकी निम्मे तरी घेऊन आलेली असते आणि डिंकाच्या लाडवांचा डबा अजून संपलेला नसतो; तिला मी सांगते की अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सहाशे उष्मांक जास्त लागतात, तेव्हा उपाशी राहू नकोस, लाडू एकावर आण आणि चालणे पुन्हा सुरू कर, दोन-चार महिन्यांत फरक दिसेल. चाळीस किलोची मुलगी त्याच काट्यावर पुष्कळदा चाळीसच्याही खाली भरते, कारण तोवर तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलेले असते. तिच्यासोबत आलेल्या सासूला मी जवळ बसवते आणि आता दोन जिवांचे खाऊ घालायची वेळ आहे, असे सांगते. दुसरे मूल दोन वर्षांच्या आत नको, हेही त्याच बैठकीत सांगते, आणि बाळाच्या वजनाखाली आईचे वजन माझ्या हाताने लिहून देते.